विद्रूप फुलांची साक्ष

फुलाची रचना कशी ठरते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राने निरोगी फुलांना पुष्कळ वर्षे विचारून पाहिला. उत्तर मात्र बिघडलेल्या फुलांकडून मिळाले. निरोगी फुलात सगळे जिथल्या तिथे असते. बाहेर हिरवी निदले, त्यांच्या आत पाकळ्या, मग पुंकेसर आणि मध्यभागी स्त्रीकेसर. मोहरीत हाच क्रम, गुलाबात हाच, जास्वंदीतही हाच. जे कधी चुकतच नाही ते कशामुळे तसे आहे, हे ते पाहून कळत नाही. इथपर्यंत बहुतेक अभ्यासकांचे एकमत होईल. माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. नुसते बिघडलेले फूलही पुरेसे नव्हते. अशी फुले माणसाने शतकानुशतके पाहिली, बागेत जपली, चित्रांत रंगवली, त्यांच्या जंत्र्या केल्या, तरी नियम हाती लागला नाही. तो लागला १९८० च्या दशकाच्या अखेरीस, दोन-तीन वेगवेगळे बिघाड एकाच रोपात आणून पाहिल्यावर. या शोधाचे श्रेय सर्रास डीएनए वाचण्याच्या नव्या तंत्राला दिले जाते. घटनाक्रम नीट तपासला तर त्याचा मोठा वाटा मेंडेलच्या काळापासून चालत आलेल्या साध्या संकराकडे जातो.

या कथेतले पहिले प्रसिद्ध विद्रूप फूल स्वीडनमधले. १७४२ साली माग्नुस झियोबेर्ग या विद्यार्थ्याला स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर लिनारियाचे एक विचित्र झाड सापडले आणि ते उप्सालाला कार्ल लिनियसपर्यंत पोहोचले. साध्या लिनारियाचे पिवळे फूल दोन ओठांचे असते. वरचा ओठ वेगळा, खालचा वेगळा, आणि खालच्या बाजूला मध साठवणारी एकच टोकदार शेपटी. पुंकेसर चार, त्यांतले दोन लांब आणि दोन आखूड. झियोबेर्गच्या झाडावरची फुले सरळ नळीसारखी होती. त्यांना वरची-खालची बाजूच नव्हती. सभोवार सारख्या अंतरावर पाच शेपट्या आणि आत पाच सारखे पुंकेसर. पाने, खोड, वास मात्र थेट लिनारियाचे. लिनियसची सारी वर्गीकरणपद्धत पुंकेसरांची संख्या आणि मांडणी यांवर उभी होती. त्या हिशेबाने हे झाड आपल्या सख्ख्या भावंडांना सोडून भलत्याच वर्गात जाऊन बसत होते. १७४४ मध्ये त्याच्या देखरेखीखाली या झाडावर प्रबंध निघाला आणि राक्षस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून झाडाला ‘पेलोरिया’ हे नाव मिळाले. लिनियसने हा संकराचा प्रकार मानला, आणि जाती अचल असतात या त्याच्या श्रद्धेला त्यामुळे तडा गेला. ही गोष्ट लहान नव्हती. पण त्याने विचारलेला प्रश्न ‘ही जात कोणती’ असा होता. फुलातल्या कोणत्या भागाची जागा कोणी घेतली, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसणारा नव्हता.

तो प्रश्न जर्मन कवी गटेने विचारला. १७८६ ते १७८८ या इटलीच्या प्रवासात झाडे पाहता पाहता त्याच्या मनात रुजलेली कल्पना १७९० मध्ये १२३ लहान परिच्छेदांच्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पान, निदल, पाकळी, पुंकेसर, स्त्रीकेसर ही सगळी एकाच मूळ अवयवाची रूपे आहेत, असे तिचे सूत्र होते. त्याच्या पुराव्यात विकृतींना मानाचे स्थान होते. ज्याच्या मधोमध बीज धरण्याऐवजी देठ वर वाढतो आणि त्यावर पुन्हा पाकळ्या-पाने येतात असा गुलाब त्याने बारकाईने वर्णिला. फूल उलट पावली चालते तेव्हा निसर्गाची सरळ वाट दिसते, हे त्याला पुरते उमगले होते. मग सगळे गटेनेच सांगून ठेवले होते, पुढच्यांनी फक्त रेणूंची नावे भरली, असे म्हणायचे का? हा आक्षेप घेणारे आजही भेटतात आणि त्यात तथ्यही आहे. पण गटेने अवयवांचे नाते सांगितले, त्यांची निवड कशी होते ते सांगितले नाही. त्याच्या मते रस जसजसा वर चढतो तसतसा शुद्ध होत जातो आणि अवयव आलटूनपालटून पसरतात, आकसतात. या स्पष्टीकरणातून एखाद्या विशिष्ट विकृतीत नेमके काय दिसेल याचे भाकीत करता येत नाही. पुंकेसराच्या जागी पाकळी येते, मग त्याच फुलात निदलाच्या जागी काय यावे? गटेच्या सिद्धांताला कोणतेही उत्तर चालले असते. ज्याला कोणतेही उत्तर चालते त्याला नियम म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात पुरावा साचत गेला. मॅक्सवेल मास्टर्सने १८६९ मध्ये वनस्पतींच्या विकृतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १८७३ मध्ये अलेक्झांडर ब्राऊनने बर्लिनजवळ मिळालेल्या अरेबिडॉप्सिस नावाच्या एका क्षुल्लक तणाच्या दुहेरी फुलांची नोंद केली. विल्यम बेटसनने १८९४ मध्ये, एका अवयवाच्या जागी दुसरा पूर्ण अवयव येण्याच्या प्रकाराला ‘होमिओसिस’ हे नाव दिले. पण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त अडवून धरते ती डार्विनची एक नोंद. १८६८ च्या ग्रंथात त्याने स्नॅपड्रॅगनच्या पेलोरिक झाडाचा साध्या झाडाशी केलेला संकर दिला आहे. पहिल्या पिढीत एकही पेलोरिक झाड निघाले नाही. त्या झाडांना त्याने आपापले बी धरू दिले आणि पुढच्या पिढीची रोपे मोजली: एकूण १२७, त्यांपैकी ८८ साधी, २ मधल्या अवस्थेतली आणि ३७ पेलोरिक. आज वनस्पतिशास्त्राचा कोणताही विद्यार्थी या आकड्यांत तीनास एकच्या आसपासचे प्रमाण ओळखेल. मेंडेलचा निबंध दोनच वर्षांपूर्वी छापला गेला होता. डार्विनने मात्र या आकड्यांचा अर्थ दोन प्रवृत्तींमधली ओढाताण आणि मधली एक पिढी सोडून पुन्हा उसळणे असा लावला. फुलाचा संपूर्ण आकार एका घटकाच्या असण्या-नसण्याने बदलतो, ही बातमी त्याच्या वाफ्यातच उगवली होती.

तरीही, डार्विनने मेंडेल वाचला असता तर फुलाचा नियम तेव्हाच सापडला असता असे मला वाटत नाही. एका बिघाडाचा संकर एवढेच सांगतो की हा बिघाड एका जनुकाचा आहे. तो जनुक बाकीच्यांशी कसा वागतो, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी एकाच जातीत पुष्कळ वेगवेगळे बिघाड हाताशी हवेत, आणि एकमेकांत मिसळता येतील इतक्या झटपट त्या झाडाच्या पिढ्या निघायला हव्यात. फळमाशीच्या अभ्यासकांना हे विसाव्या शतकात लवकर साधले. स्पर्शिकेच्या जागी पाय, तोलकांच्या जागी पंखांची दुसरी जोडी अशा माश्या त्यांनी एकमेकींशी जुळवल्या, आणि एड लुईसला त्या कामासाठी १९९५ चे नोबेल विभागून मिळाले. फुलांच्या बाबतीत हे घडायला दोन झाडे आणि मोजक्या प्रयोगशाळा एका वेळी तयार व्हाव्या लागल्या.

पहिले झाड तेच, ब्राऊनने पाहिलेले तण. अरेबिडॉप्सिस मोहरीच्या कुळातले, वीतभर उंचीचे, जेमतेम दीड महिन्यात बियापासून बीपर्यंत पोहोचणारे. त्याला गुणसूत्रांच्या पाचच जोड्या. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला मार्टेन कोर्नेफ यांनी त्याची उत्परिवर्तित वाणे जमवली आणि १९८३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याच्या जनुकांचा नकाशा मांडला. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला एलियट मायरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत जॉन बोमन आणि ऑस्ट्रेलियाहून आलेले डेव्हिड स्मिथ या फुलांच्या मागे लागले. दुसरे झाड बागेतले स्नॅपड्रॅगन. ते इंग्लंडमध्ये नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत एन्रिको कोएन आणि रोझमेरी कार्पेंटर यांच्याकडे, आणि जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत होते. स्नॅपड्रॅगनच्या जनुकसंचात जागा बदलत उड्या मारणारे डीएनएचे तुकडे आहेत, आणि झाडे १५ अंश सेल्सिअसच्या थंडीत वाढवली की त्यांतल्या एकाच्या उड्या वाढतात. नॉरिचच्या मंडळींनी त्याचा उपयोग करून घेतला आणि १९९० मध्ये एकाच मोहिमेतून फुलांच्या विकृतींचा मोठा संग्रह पुढे ठेवला.

आता त्या तणाचे फूल जवळून पाहू. निरोगी फुलात बाहेरून आत चार निदले, चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि दोन अंडपांचा एक स्त्रीकेसर. ‘अगामस’ जनुक बिघडलेल्या फुलात पहिली दोन वलये ठीक असतात, पण सहा पुंकेसरांच्या जागी सहा पाकळ्या येतात आणि स्त्रीकेसराच्या जागी नवेच फूल सुरू होते: पुन्हा निदले, पाकळ्या, पाकळ्या. ‘अपेटाला-३’ किंवा ‘पिस्टिलाटा’ बिघडले तर पाकळ्यांच्या जागी निदले आणि पुंकेसरांच्या जागी अंडपे येतात. ‘अपेटाला-२’ च्या तीव्र बिघाडात निदलांच्या जागी अंडपे आणि पाकळ्यांच्या जागी पुंकेसर. यात लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे बिघाड नेहमी शेजारी-शेजारी असलेल्या दोन वलयांत होतो, कधी एकात नाही, कधी विखुरलेला नाही. याच निरीक्षणावरून तीन कार्यांची कल्पना निघाली. ‘ए’ हे कार्य बाहेरच्या दोन वलयांत, ‘बी’ मधल्या दोनांत, ‘सी’ आतल्या दोनांत. एकटे ‘ए’ असेल तिथे निदल, ‘ए’ आणि ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ आणि ‘सी’ मिळून पुंकेसर, एकटे ‘सी’ म्हणजे अंडप. शिवाय ‘ए’ आणि ‘सी’ एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. एक नाहीसे झाले की दुसरे चारही वलयांत पसरते.

एवढे नियम एकेकट्या बिघाडांवरून बेतता येतात, आणि बेतलेली गोष्ट पुराव्याशी जुळली तर त्यात नवल नाही. खरी कसोटी जोडबिघाडांची होती, कारण तिथे नियम आधी बोलतो आणि रोप नंतर उगवते. ‘बी’ आणि ‘सी’ दोन्ही नसतील तर सगळीकडे फक्त ‘ए’ उरेल, म्हणजे निदलांमागून निदले असेच फूल यायला हवे. ‘ए’ आणि ‘बी’ नसतील तर अंडपेच अंडपे. तिन्ही नसतील तर काय? गटेचे म्हणणे खरे असेल तर पाने. हे काम धीराचे होते. ‘अगामस’ फुलाला परागही नाहीत आणि बीजही नाही, त्यामुळे असले रोप आपण होऊन पुढची पिढी देतच नाही. बिघडलेली प्रत लपवून बाळगणाऱ्या निरोगी दिसणाऱ्या रोपांचा संकर करायचा, पुढच्या पिढीत ‘अगामस’ आणि ‘पिस्टिलाटा’ दोन्ही बिघडलेले रोप सोळांत एक या प्रमाणात निघते, ते फूल उघडल्यावर ओळखायचे. तिहेरी बिघाडाचे रोप याहून दुर्मीळ. ती रोपे निघाली आणि भाकितांप्रमाणेच निघाली. तिहेरी बिघाडाच्या फुलात वलयांमागून वलये पानांसारख्या अवयवांची होती. १९९१ मध्ये बोमन, स्मिथ आणि मायरोविट्झ यांनी हे सविस्तर मांडले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोएन आणि मायरोविट्झ यांनी ‘नेचर’मधल्या लेखात दोन्ही झाडांचा पुरावा एकत्र आणला. मोहरीच्या कुळातले तण आणि स्नॅपड्रॅगन यांचे पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी दोघांच्या पाकळ्या-पुंकेसरांमागची रचना एकच निघाली. तो एका तणाचा खासगी स्वभाव नव्हता.

जनुकांचा डीएनए याच सुमारास वाचला गेला, हे खरे आहे. १९९० मध्ये कोलोनच्या गटाने स्नॅपड्रॅगनचा ‘डेफिसियन्स’ आणि मायरोविट्झ यांच्या गटाने ‘अगामस’ वेगळा काढला. दोन्ही प्रथिनांत एक भाग सारखा होता आणि तोच यीस्ट व माणूस यांच्या एकेका प्रथिनातही होता. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मॅड्स’ म्हणू लागले. डीएनएला चिकटून दुसरी जनुके चालू-बंद करणारी ही प्रथिने. माशीच्या शरीराची आखणी करणारी जनुके वेगळ्याच घराण्यातली आहेत, म्हणजे अवयवांची ओळख ठरवण्याची युक्ती प्राण्यांत आणि वनस्पतींत स्वतंत्रपणे उभी राहिली. या माहितीचे मोल मी कमी लेखत नाही. ‘अपेटाला-२’ नसलेल्या फुलात ‘अगामस’ खरोखरच बाहेरच्या वलयांत पसरतो, हे १९९१ मध्ये प्रत्यक्ष दिसले तेही याच तंत्रामुळे. पण त्याने कायम केलेला नियम आधीच बांधलेला होता. क्रम उलटा झाला असता, आधी शेकडो जनुकांची अक्षरे हाती आली असती आणि संकर झाले नसते, तर कोणते जनुक कोणत्या वलयात काय ठरवते हे त्या अक्षरांवरून कोणी वाचू शकले नसते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. एखादी गोष्ट काढून टाकल्यावर काम बिघडते, एवढ्यावरून ती त्या कामाला पुरेशी आहे असे ठरत नाही. मोडतोडीतून रचना शिकण्याची ही मूळची मर्यादा आहे आणि ती फुलांच्या अभ्यासालाही नडली. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ यांच्या अभावी फुलाचे पान होत असेल, तर ही जनुके पानात चालू केल्यावर पानाची पाकळी व्हायला हवी होती. पान पानच राहिले. काहीतरी निसटले होते. २००० साली सोराया पेलाझ आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. एकमेकांसारखी तीन जनुके अशी होती की त्यांतले एक बिघडले तर फुलावर जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण उरलेली दोन त्याचे काम उरकतात. तिन्ही एकत्र बिघडवली तेव्हा फुलात फक्त निदले उरली, म्हणून त्यांचे नाव ‘सेपालाटा’. २००१ मध्ये जपानमध्ये होन्मा आणि गोतो यांनी ‘बी’ जनुकांना ‘सेपालाटा’ची जोड देऊन अरेबिडॉप्सिसच्या पानांना पाकळ्यांचे रूप आणले, आणि त्यात ‘अगामस’ मिळवून पुंकेसरांचे. आक्षेप बरोबर होता, आणि त्याला उत्तरही बिघाडांची जुळवाजुळव करूनच मिळाले. एकेकटे पाहून या तीन जनुकांचे काम कधीच कळले नसते.

दुसरा आक्षेप अजून मिटलेला नाही, आणि तो मान्य करायला हवा. ‘ए’ हे कार्य जसे अरेबिडॉप्सिसमध्ये दिसते तसे इतर झाडांत सापडत नाही. स्नॅपड्रॅगन आणि पेटुनियात ‘सी’ ला बाहेरच्या वलयांत येऊ न देण्याचे काम एक इवलासा आरएनए करतो, असे २००७ मध्ये दिसून आले. तेव्हा तीन अक्षरांचे ते सुबक प्रतिमान जसेच्या तसे सगळ्या फुलांना लावणे चूक आहे. ‘बी’ आणि ‘सी’ टिकले आहेत, ‘ए’ ची व्याख्या सैल झाली आहे. तिसरी अडचण खुद्द पेलोरियानेच उभी केली. स्नॅपड्रॅगनमध्ये फुलाची वरची बाजू ‘सायक्लॉइडिया’ हे जनुक घडवते, ते १९९६ मध्ये ओळखले गेले. लिनारियातले तेच जनुक गप्प झाले तर पाचही पाकळ्या खालच्या पाकळीसारख्या होतात. शेपटी खालच्या पाकळीला असते, म्हणून शेपट्या पाच. १९९९ मध्ये पिलार क्यूबास, कोरल व्हिन्सेंट आणि कोएन यांनी पेलोरियातले हे जनुक तपासले तेव्हा बिघाड त्याच्या अक्षरांत आढळला नाही. त्यावर मिथाइल गटांचे दाट थर चढल्यामुळे ते बंद पडले होते. काही फांद्यांवर ते थर विरळ होतात आणि तिथे पुन्हा साधे फूल उमलते. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएच्या अक्षरांतला बदल, ही व्याख्या फुलांच्या या सर्वांत जुन्या नामांकित साक्षीदाराला लागू पडत नाही. नियमाच्या शोधात मात्र त्याने काही उणे पडत नाही: जनुक मोडले काय किंवा मिटले काय, फुलाला त्याचा अभावच जाणवतो.

माळ्यांनी हा नियम न जाणता फार आधीपासून वापरला आहे. शंभर पाकळ्यांच्या गुलाबांचा उल्लेख थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व काळात केला. चीनमध्ये आणि युरोपात वेगवेगळ्या वेळी निवडलेल्या दुहेरी गुलाबांत ‘अगामस’ची हद्द आतल्या बाजूला आक्रसलेली आहे: ‘सी’ हटले तिथे पाकळ्या शिरल्या. आपल्याकडची दुहेरी जास्वंद उलगडून पाहिली तर पुंकेसरांच्या नळीवर पाकळ्या फुटलेल्या दिसतात, आणि काहींच्या कडेला परागकोश अर्धवट चिकटलेला असतो. भाजीतला फ्लॉवरही याच घराण्यातला. त्यात फूल होण्याचा निर्णयच अडतो आणि कळ्यांच्या जागी कोंबांवर कोंब येत राहतात. अरेबिडॉप्सिसमध्ये दोन जनुके एकत्र बिघडवून बोमन यांनी १९९३ मध्ये तसाच गड्डा मिळवला होता.

भाताचे फूल या सगळ्यांहून वेगळे दिसते. त्याला रंगीत पाकळ्या नाहीत. दाण्याभोवतीचे टरफल हेच त्याचे बाह्य आवरण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उषा विजयराघवन यांच्या गटाने भातातल्या ‘सेपालाटा’च्या नातलग जनुकावर, ‘ओएस-मॅड्स-१’ वर, दीर्घकाळ काम केले आहे. हे जनुक दुबळे झाले की टरफलाचे दोन्ही भाग पानासारखे लांबतात, आतले अवयव बिघडतात आणि लोंबीत दाणा भरत नाही.